प्रोसेसर बदलला आणि डिस्प्ले गेला? बोर्ड मेला असं ठरवण्याआधी हे बघा

नवा प्रोसेसर बसवला, बटण दाबलं, पंखे फिरले, लाइट लागल्या आणि स्क्रीन मात्र काळी ती काळीच. ठाण्यात दुरुस्तीच्या टेबलावर बसून ही तक्रार मी सतत ऐकतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या मशीनवाल्या बऱ्याच जणांनी निदान प्रोसेसर तरी बदलायचं ठरवलं. निर्णय चांगलाच आहे. एएम४ (एएमडीच्या बऱ्याच रायझन प्रोसेसरसाठीचा) मदरबोर्ड असेल तर चार-पाच वर्षं आरामात पुढे ढकलता येतात. वाईट एवढंच वाटतं, की यातले कितीतरी बोर्ड धडधाकट असताना हकनाक मरतात.

माझं याबाबतचं मत ठाम आहे. पहिल्यांदा प्रोसेसर बसवताना बोर्ड क्वचित जातो, कारण तेव्हा माणूस जपून असतो. व्हिडिओ बघितलेला असतो, टेबल पुसलेलं असतं, हात धुतलेले असतात. डिस्प्ले आला नाही की पाचावर धारण बसते आणि मग काढ-घाल सुरू होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) उघडताना, रात्री उशिरा, बोटांना कूलरखालची थर्मल पेस्ट लागलेली असताना पिना वाकतात. म्हणून खालच्या क्रमात सॉकेट सगळ्यात शेवटी आहे. बाकीचं सगळं तपासून होईपर्यंत कूलर उचलू नका.

कळव्याचा एक मुलगा असाच बोर्ड घेऊन आला होता. बी४५० बोर्ड, आधी रायझन ३ ३२००जी, आता रायझन ५ ५६००. बायोसही (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) त्याने आधी अपडेट करून ठेवला होता, म्हणजे अभ्यास केलेला होता. "दादा, तीनदा काढून बसवला, तरी काही नाही. तिसऱ्या वेळी कूलरबरोबर प्रोसेसरच वर आला." प्रोसेसर उलटा धरून बघितला तर कोपऱ्यातल्या दोन ओळी आडव्या झोपलेल्या. खरं कारण निघालं भलतंच. ३२००जी मध्ये ग्राफिक्स असतं, ५६०० मध्ये नसतं. त्याची एचडीएमआय केबल बोर्डाच्या पोर्टला होती आणि ग्राफिक्स कार्ड मशीनमध्ये नव्हतंच. तो प्रोसेसर आयुष्यभर त्या पोर्टवर चित्र देणार नव्हता. पिना सरळ केल्या, एक जुनं कार्ड लावलं आणि मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं. त्याचं नशीब, एकही पिन तुटली नव्हती.

तर पहिला प्रश्न हाच: नव्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? रायझन ५००० मालिकेत आकड्यानंतर जी हे अक्षर असेल तरच आहे. इंटेलमध्ये शेवटी एफ असेल तर नाही. कार्ड लावलेलं असेल तर केबल कार्डाला आहे की बोर्डाला, तेही डोळ्यांनी बघा. दुसऱ्याला फोनवर विचारलं की तो "बरोबरच लावलंय" म्हणतो.

दुसरा प्रश्न, प्रोसेसर त्या बोर्डावर चालतो का. सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालेलच असं नाही, आणि इथे जुना माल घेणारे फार फसतात. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड आणि आठव्या-नवव्या पिढीचे ३०० मालिकेचे बोर्ड, दोन्हींचा सॉकेट ११५१. एच११० बोर्डात आय५ ८४०० व्यवस्थित बसतो, लिव्हरही लागते, पण चालत नाही. पिना तेवढ्याच असल्या तरी त्यांची कामं बदललेली आहेत. अशा वेळी बोर्डालाही दोष नाही आणि प्रोसेसरलाही नाही, जोडीच चुकली. विकणाऱ्याकडून बदलून घ्या आणि सॉकेटला त्रास देऊ नका.

जोडी बरोबर असेल तर बायोस बघा. रायझन ५००० नोव्हेंबर २०२० मध्ये आले. त्याआधीच्या बायोसवर असलेला बी४५० बोर्ड त्यांना ओळखत नाही. बी३५० आणि ए३२० वर तर बहुतेक कंपन्यांनी हा सपोर्ट २०२२ मध्ये दिला. इंटेलचंही तसंच, २०२१ मध्ये घेतलेला ६०० मालिकेचा बोर्ड तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बायोसवर उचलत नाही. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करून घ्यायचा असतो. ते राहून गेलं असेल तर बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. असेल तर पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न चालताही अपडेट होतो. फाइलचं नाव आणि पेनड्राइव्हचा फॉरमॅट कंपनी सांगेल तसाच ठेवा, बहुतेकांना एफएटी३२ लागतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर बायोसच अर्धवट राहतो. त्यामुळे पावसाळ्यात, विजा कडाडत असताना हे काम यूपीएसशिवाय करू नका. नवी मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात, आणि मशीन बंद पडायला तेवढे पुरे.

एक गोष्ट बोर्ड मेल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर पहिल्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-चार ओळी येतात. नवा प्रोसेसर सापडला, एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या किल्ल्यांचा कप्पा) रीसेट करायचं का, वाय की एन, असा तो प्रश्न असतो. काहींचा कीबोर्ड त्या वेळी चालत नाही, म्हणून ते मशीन लटकलं समजून प्लग काढतात. कीबोर्ड मागच्या यूएसबी २ पोर्टला लावा. मात्र वाय दाबण्याआधी थांबा. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर वाय दाबल्यावर रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. मोबाइलवर लॉगिन करून ती आधी कागदावर उतरवून घ्या. की सापडत नसेल तर एन दाबा, म्हणजे जुना प्रोसेसर परत बसवून डेटा काढून घेण्याची वाट मोकळी राहते. घणसोलीच्या एका ताईंचा कितीतरी वर्षांच्या फोटोंचा डेटा केवळ एन दाबल्यामुळे वाचला.

आता वायरी. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. मोठा कूलर बसवताना ती काढली जाते आणि परत लावायची राहते. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, कारण प्रोसेसरला वीजच नाही. ही केबल चार अधिक चार अशी फुटते. ग्राफिक्स कार्डाची केबल सहा अधिक दोन असते आणि तिची जुळणी उलटी असते, ती इथे जोर लावून बसवू नका. मॉड्युलर एसएमपीएस (केबली सुट्या काढता येणारा वीजपुरवठ्याचा डबा) असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला कधीच लावू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि तिथे चूक झाली तर बोर्डासकट डिस्कही जळते.

मग रॅम. दोन्ही काढा, एकच लावा, प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबा. सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसा: भिंतीवरचा स्विच बंद, वायर काढलेली, कॅबिनेटचं बटण दोन-तीनदा दाबून उरलेला चार्ज घालवायचा आणि मग सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर. नंतर परत लावून धीर धरा. एएम५ बोर्डावर पहिल्यांदा डीडीआर५ ची ओळख पटवायलाच वेळ लागतो, कधी पाच-दहा मिनिटंही. तोवर पडदा काळा असतो. तिसऱ्या मिनिटाला प्लग काढला तर तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बोर्डावर चार छोटे दिवे असतील तर तेच तुमचे वाटाडे: सीपीयू, डीआरॅम, व्हीजीए, बूट. व्हीजीएवर अडकला तर प्रोसेसर आणि रॅम ठीक आहेत असं धरून केबल आणि कार्ड बघा. डीआरॅमवर अडकला तर रॅम, आणि त्याबरोबर कूलरचा दाब. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले की प्रोसेसर सॉकेटमध्ये किंचित तिरका होतो आणि एका बाजूच्या पिनांचा संपर्क सुटतो. रॅमचा एक चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारी एक वाट, गायब होण्याचं हे नेहमीचं कारण आहे, खासकरून इंटेलच्या एलजीए (पिना बोर्डाला असलेल्या) सॉकेटवर. चारही स्क्रू सैल करा आणि समोरासमोरचे कोपरे घेत थोडे थोडे आवळा. कितीतरी बोर्ड एवढ्यावर जागे होतात.

पंखे एकदा थरथरून लगेच थांबत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे शॉर्ट आहे. पहिल्यांदा बोर्डाखाली पडलेला स्क्रू शोधा. एएम४ वर क्लिपचा कूलर काढून स्क्रूचा लावताना प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात आणि त्या निघाल्या की मागची लोखंडी पट्टी निसटून खाली पडते. कॅबिनेट उभं असेल तर ती आत कुठेही जाऊन बसते. मीटर असेल तर आठ पिनांच्या बारा व्होल्टच्या पिना आणि बोर्डाची जमीन (ग्राउंड) यांच्यात बीप वाजतो का बघा, सगळ्या केबली काढून. वाजला तर बोर्डावरचा मॉस्फेट (वीज नियंत्रित करणारा घटक) गेल्याची दाट शक्यता, आणि काम चिप-लेव्हलवाल्याचं, म्हणजे बोर्डावरचे सुटे घटक बदलणाऱ्याचं. पण प्रोसेसर बसवलेला असताना सॉकेटशेजारच्या कॉइलवर बीप वाजला म्हणून घाबरू नका. व्हीकोअरचा, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या वाटेचा, रेझिस्टन्स मुळातच फार कमी असतो. हे न कळल्यामुळे चांगले बोर्ड भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

अर्थिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे याकडे कुणी बघतच नाही. जुन्या इमारतींतल्या, चाळींतल्या कितीतरी घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच पोचलेलं नसतं, किंवा तीन पिनांचं दोन पिना करणारं अडॅप्टर लावलेलं असतं. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून जमिनीला जोडलेले छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट फार थोडा असतो, माणसाला इजा होत नाही. पण चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय किंवा केबलवाल्याची वायर जोडली की तो फरक पोर्टातून वाट काढतो. दर वर्षी-दोन वर्षांनी ज्यांचा बोर्ड "आपोआप" जातो, त्यांना मी आधी हेच विचारतो, मुंग्या येतात का? हो म्हणाले तर आधी वायरमन बोलवा, प्रोसेसर नंतर.

अंगातल्या स्टॅटिकचंही तसंच. माणसाला झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, चिपला त्याच्या कितीतरी खाली त्रास होतो. आपली हवा दमट, म्हणून जून ते सप्टेंबर धोका कमी. डिसेंबर-जानेवारीत एसी लावलेल्या खोलीत, पॉलिएस्टरच्या कपड्यांत तो वाढतो. प्रोसेसर उचलण्याआधी आणि मध्येमध्ये कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावत राहा, वायर काढलेली असताना.

इतकं सगळं झालं आणि अजून काळंच आहे, तर आता सॉकेट. दिवसा, खिडकीजवळ, पोटात काहीतरी असताना.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१. सुकलेली पेस्ट प्रोसेसर कूलरला इतका घट्ट चिकटवते की लिव्हर बंद असूनही तो सॉकेटमधून उपटून येतो. कळव्याच्या मुलाचं तेच झालं. मशीन चालत असेल तर काढण्याआधी पंधरा मिनिटं त्यावर काहीतरी जड चालवा, पेस्ट मऊ होते. चालत नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा कूलरच्या बुडाशी द्या. मग क्लिप सोडून कूलर डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने फिरवा आणि सुटल्यावरच वर उचला. सरळ वर ओढू नका. तरीही प्रोसेसर चिकटून वर आलाच तर पिनांना हात न लावता कडा धरून फिरवत सरकवून सोडवा, मध्ये दात साफ करायचा धागा ओढला तर लवकर सुटतो.

क्लिप सोडताना चपटा स्क्रू ड्रायव्हर वापरायची पद्धत आहे. तो निसटला की सरळ बोर्डावर येतो. सॉकेटच्या भोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या रेघा आहेत आणि तांदळाच्या कणीएवढे घटक. एक रेघ कापली तरी रॅमचा एक चॅनेल जातो. बोर्डावर जाड पुठ्ठा ठेवा, मग जोर लावा.

एलजीए सॉकेटमध्ये, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या एएम५ वर, पिना बोर्डाला असतात. एएम५ वर १७१८. त्या खरं तर वाकवलेल्या बारीक स्प्रिंग आहेत. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून सॉकेटकडे बघा. सगळ्या पिनांची टोकं एका दिशेने, एकसारखी चकाकतात. वाकलेली पिन त्या रांगेत वेगळी चमकते किंवा तिच्या जागी काळा ठिपका दिसतो. मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने चारही बाजूंनी फोटो काढा आणि मोठे करून बघा, डोळ्यांपेक्षा फोटोत लवकर सापडतं. सॉकेटमध्ये पेस्ट गेली असेल तर कापूस, इअरबड, कापड यातलं काहीही लावू नका. कापसाचे धागे पिनांना अडकतात आणि ओढताना सगळी ओळ झोपते. माझ्याकडे आलेल्या एलजीए बोर्डांत पडलेल्या प्रोसेसरच्या खालोखाल हेच कारण असतं. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) थेंबाथेंबाने सोडा, कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने हवा मारा, पुन्हा करा आणि पूर्ण वाळू द्या. साधी पांढरी-करडी पेस्ट वीज वाहून नेत नाही, त्यामुळे घाई नको. लिक्विड मेटल (वीज वाहून नेणारी धातूची पेस्ट) गेलं असेल तर मात्र मशीन अजिबात चालू करू नका.

पिन सरळ करणं जमण्यासारखं आहे, पण प्रत्येकाने करावं असं नाही. एएम४ च्या पिनेसाठी लेड काढलेली यांत्रिक पेन्सिल उत्तम. तिचं पोकळ टोक पिनेवर चढवून अगदी थोडं थोडं उभं करायचं. ओळीच्या ओळ तिरकी असेल तर दोन ओळींच्या मधून पातळ प्लास्टिक कार्डाची कड फिरवायची. एका दमात सरळ करायला गेलात तर पिन बुडातून तुटते. काम झालं हे कसं ओळखायचं? लिव्हर उघडी असताना प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. जराही दाबावं लागत असेल तर एखादी पिन अजून वाकडी आहे. एलजीएसाठी भिंग, बारीक सुई, टेकवलेली मनगटं आणि सगळ्यात जास्त म्हणजे थांबण्याची तयारी लागते. हात थरथरत असेल, चष्मा बदलायचा राहिला असेल तर दुसऱ्याला द्या. यात कमीपणा काही नाही.

एखादी पिन तुटली म्हणून लगेच हाय खाऊ नका. कितीतरी पिना जमिनीच्या किंवा विजेच्या असतात आणि त्यांना जोडीदार असतात, त्यातली एक गेली तरी मशीन चालतं. पण विजेच्या पिना जास्त गेल्या तर उरलेल्यांवर ताण येतो, म्हणून असं मशीन रात्रंदिवस रेंडरिंगला लावू नका. तुटलेली पिन रॅमची असेल तर एक चॅनेल सोडून काम चालवता येतं.

चिप-लेव्हलवाल्याकडे न्यायचं ठरवलं तर एक गोष्ट नक्की करा. बोर्ड देण्याआधी सॉकेटचे जवळून फोटो काढा, दुकानदारासमोर काढा. पिना कुणी वाकवल्या यावरून होणारी भांडणं तिथेच संपतात. सॉकेट बदलायचं म्हणाले तर बीजीए मशीन (सॉकेट तापवून काढणारं आणि बसवणारं यंत्र) आणि मायक्रोस्कोप त्यांच्याकडे आहे का, दुसरीकडे पाठवणार का, हे सरळ विचारा. साध्या हॉट एअर गनने एवढा मोठा सॉकेट नीट निघत नाही, बोर्ड वाकतो. ठाण्यात काम होत नसेल तर ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर करणारे आहेत. लोकलच्या गर्दीत बोर्ड नुसत्या पिशवीत नेऊ नका. सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावा, स्टॅटिकविरोधी पिशवीत घाला आणि वर पुठ्ठ्याचा डबा. ते झाकण नवा बोर्ड घेतल्यावर बरेच जण फेकून देतात. वॉरंटीला देतानाही कंपन्या ते मागतात, आणि पिना वाकलेल्या दिसल्या तर वॉरंटी बहुधा नाकारतात.

सॉकेट बदलायचा खर्च जुन्या बोर्डाच्या किमतीच्या जवळ जात असेल तर वापरलेला बोर्ड बघा. घेताना सॉकेट उघडून टॉर्च आडवा धरा, दोन्ही चॅनेलवर रॅम लावून मशीन चालवून दाखवायला सांगा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. खाडीकाठच्या घरातला बोर्ड असेल तर मागच्या पोर्टांचा पत्रा आणि स्क्रूची भोकं बघा. तिथे हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर स्वस्त असला तरी सोडून द्या.